डोक्यावरचे आवाळू लपवू नका



डहाणू-तलासरीकडच्या वस्त्यांवर कामानिमित्त आमचे जाणे-येणे असते. कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला असतो. कागदांचे काम आटोपले की चहा होतो आणि मग दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. ताप, गुडघे, साखर यांबद्दल माणसे मोकळेपणाने बोलतात. पण एक दुखणे असे आहे की ते आम्ही निघालो म्हणजे दाराशी येऊन हळूच सांगितले जाते. डोक्यावरचा पदर सारून, केस बाजूला करून गाठ दाखवली जाते आणि विचारले जाते, "भाऊ, हे कॅन्सरचं तर नसंल ना?"

आणखी थोडी चौकशी केली की कळते, या बाईंच्या वडिलांच्या डोक्यावर अशा दोन गाठी होत्या, थोरल्या भावाला एक आहे आणि आता लेकीच्या केसांतही वाटाण्याएवढे काहीतरी हाताला लागते. तीन पिढ्या घरात असलेली गोष्ट, पण एकाही पिढीने ती डॉक्टरला दाखवलेली नाही. कोणी म्हणतो पितरांचा कोप आहे, कोणी म्हणतो शेजाऱ्याने करणी केली, कोणी म्हणतो भारे वाहून वाहून डोके सुजले. आणि सगळे मिळून ती लपवतात.

या गाठीला आपल्या मराठीत जुना, चांगला शब्द आहे : आवाळू. या खेपेच्या सदरात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करून उरलेल्या वेळात समाजाचे काम करणारे आहोत. तेव्हा खालील माहिती वाचून डॉक्टरकडे जाण्याचे धैर्य यावे, एवढीच अपेक्षा आहे. घरच्या घरी उपचार करण्यासाठी ती वापरू नये.

आवाळू म्हणजे काय?

डोक्याला मार लागून येते ते टेंगूळ. ते काही दिवसांत बसते. लाल होते, ठणकते, पू धरते आणि फुटते ते गळू. आवाळू या दोहोंहून वेगळे. ते कातडीखाली हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जाते. हाताला गोल, गुळगुळीत आणि टणक लागते. बोटाने ढकलले तर थोडे सरकते. बहुधा दुखत नाही. वाटाण्याएवढे असते, पुढे सुपारीएवढे होते, कोणाकोणाचे लिंबाएवढेही होते. मोठे झाले की त्यावरचे केस विरळ होतात आणि कातडी ताणून चकचकीत दिसते. पुष्कळांना एकाहून अधिक असतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते जास्त आढळते आणि बहुधा तारुण्य उलटल्यावर लक्षात येते.

आत काय असते, तेही समजून घेऊ. केसाच्या मुळाभोवती त्वचेच्या पेशींचे एक आवरण असते. त्यातील काही पेशी कातडीखाली बंद पिशवी तयार करतात. आपल्या त्वचेच्या जुन्या पेशी रोज गळून पडतात, अंघोळीला अंग चोळले की निघून जातात. पण या पिशवीला तोंडच नसते. त्यामुळे आत तयार होणारा ऐवज आतच साचतो. हा ऐवज म्हणजे केराटिन, केस आणि नखे ज्याची बनतात तेच द्रव्य. तो पांढरट-पिवळसर, घट्ट खव्यासारखा असतो. जुन्या आवाळवात कधी चुना धरून तो खड्यासारखा कडकही होतो.

डॉक्टर केसपेपरवर कधी 'सेबेशियस सिस्ट' असे लिहितात. हे जुने नाव. सेबेशियस म्हणजे तेलकट ग्रंथीचे. पण या गाठीचा तेलाच्या ग्रंथीशी खरे तर संबंध नाही. आता 'पिलर सिस्ट' किंवा 'ट्रायकिलेमल सिस्ट' असे म्हणतात. यातील पिलर हा इमारतीचा खांब नव्हे, लॅटिन भाषेतील 'केस' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आले आहे. अशा दहा गाठींपैकी सुमारे नऊ डोक्यावरच असतात. 'चरबीची गाठ' हे नावही आपल्याकडे सर्रास वापरले जाते, पण चरबीची गाठ वेगळी. ती मऊ असते आणि बहुधा पाठ, खांदा, दंड अशा ठिकाणी येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाळू हा कॅन्सर नव्हे. ते संसर्गजन्य नाही. एकाच कंगव्याने, एकाच टॉवेलने किंवा एकाच उशीने ते दुसऱ्याला होत नाही.

घराण्यात का चालते?

शाप, करणी, पूर्वजन्मीचे पाप ही उत्तरे आपल्याला नको आहेत. कारणाशिवाय कार्य नाही, आणि येथे कारण सापडलेले आहे. ते पूर्वजन्मात नसून पूर्वजांत आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. आपल्या शरीराच्या घडणीची एक मोठी खतावणी प्रत्येक पेशीत असते. तिच्यात बहुतेक प्रत्येक खात्याची दोन पाने असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून आलेले. काही आजार असे आहेत की दोन्ही पानांवर चूक असली तरच माणूस आजारी पडतो. आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे सिकलसेल. आदिवासी बांधवांत आणि विदर्भात आपल्या समाजातही तो आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सिकलसेलमध्ये आई आणि वडील दोघांकडून सदोष पान आले तरच मुलाला पुरता आजार होतो. एकच पान सदोष असेल तर तो केवळ वाहक ठरतो.

घराण्यात चालणाऱ्या आवाळवाचे तसे नाही. येथे एका पालकाकडून आलेले एकच पान पुरते. आईला किंवा वडिलांना हा वारसा असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणजे नाणेफेकीसारखी. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडते. म्हणून थोरल्याला आले तर धाकटा सुटला असे नसते. चार मुलांपैकी चारही जणांना येऊ शकते आणि एकालाही न येणे हेही शक्य आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून आनुवंशिकतेचे हे हिशेब १८६५ मध्ये मांडले. आज ते शाळेच्या पुस्तकात आहेत. आपली मुले ते पाठ करून परीक्षा देतात, पण घरी आजीच्या डोक्यावर तेच वाटाणे दिसले तर कोणाच्या लक्षात येत नाही.

२००५ साली संशोधकांनी या आवाळवाचे खाते तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. पुढे २०१९-२० च्या सुमारास त्यातील नेमके जनुकही सांगितले गेले. त्याला पीएलसीडी-१ म्हणतात. या संशोधनातून आणखी एक कोडे सुटले. वारसा जन्मापासून असतो, मग आवाळू तिशी-चाळिशीत का येते? आणि आईला एक तर लेकीला पाच, असे का होते? त्याचे कारण असे की वारशाने आलेला दोष एकटा पुरत नाही. डोक्याच्या त्वचेतील एखाद्या पेशीत त्याच जनुकात पुढे आणखी एक बिघाड झाला म्हणजे तेथे गाठ धरते. हा दुसरा बिघाड कोणाला कधी, कोठे आणि किती ठिकाणी होईल ते सांगता येत नाही.

अर्थात एखाद्याला घरात कोणालाही नसताना एकट्यालाच आवाळू होते, असेही घडते. त्याने घाबरून जाऊ नये.

बोल कोणाला लावायचा?

या शास्त्राचा आपल्या संसाराशी थेट संबंध आहे. मुलगी पाहायला पाहुणे येतात. केस विंचरताना एखाद्या बाईच्या हाताला गाठ लागते आणि कुजबुज सुरू होते. लग्नानंतर लेकराच्या डोक्यावर गाठ दिसली तर सासू म्हणते, "हे तुझ्या माहेरचं." आमच्या माहितीतील एका घरात सून बारा वर्षे हा टोमणा ऐकत होती. शेवटी सासरे आजारी पडले, त्यांचे केस बारीक कापले गेले आणि तीन आवाळवे उघडी पडली. सासूबाईंनी त्यानंतर विषय काढला नाही. पण बारा वर्षांचे बोल परत घेतले गेले नाहीत, ते नाहीतच.

हा वारसा आईकडून येतो तसाच बापाकडून येतो. स्त्रियांत आवाळवे जास्त दिसतात म्हणून ती स्त्रियांनीच आणली, असा अर्थ होत नाही. पुरुष टोपीखाली, केसांखाली झाकतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. आपल्याकडील श्रामणेर शिबिरांत मुंडण झाले म्हणजे किती पुरुषांच्या डोक्यावर गाठी निघतात, ते संयोजकांना विचारा.

आणि जनुकात दोष निघाला म्हणून तो माणूस सदोष ठरत नाही. डोळ्यांचा रंग, केसांचा कुरळेपणा, टक्कल हे जसे वारशाने येते, तसेच हे. सोयरीक मोडावी असे यात काही नाही. उलट आधीच मोकळेपणाने सांगितले तर पुढचे टोमणे टळतात.

राजाच्या डोक्यावरही आवाळू

गरिबीमुळे, अस्वच्छतेमुळे किंवा भार वाहिल्यामुळे हे होते असा एक गैरसमज आहे. त्यासाठी एका राजाची गोष्ट सांगतो.

भीमा कोरेगावची लढाई होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा चौथा जॉर्ज होता. या राजाच्या डोक्यावर आवाळू होते. ते काढण्याचे काम लंडनचे नामवंत सर्जन ॲस्टली कूपर यांच्याकडे आले. कूपर मोठमोठ्या शस्त्रक्रिया लीलया करीत. पण या लहानशा गाठीने त्यांची झोप उडाली. कारण त्या काळी डोक्यावरची गाठ काढल्यावर जखमेत विखार शिरून माणूस दगावण्याची भीती होती. जंतूंमुळे जखम चिघळते हे अजून कोणाला ठाऊक नव्हते. भूल देण्याची सोयही नव्हती. राजाने तशाच अवस्थेत शस्त्रक्रिया करवून घेतली. ती यशस्वी झाली आणि पुढे कूपर यांना १८२१ साली बॅरोनेट हा किताब मिळाला.

ईथरची भूल १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे जाहीरपणे दाखवण्यात आली. जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडली. आणि कातडीपुरती जागा बधिर करणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. १९४८ पासून ते बाजारात आले. या तिन्ही गोष्टी त्या राजाला मिळाल्या नव्हत्या. त्या आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आपल्या मोलमजुरी करणाऱ्या आईला मिळतात. हा केवढा बदल आहे, याचा विचार करा.

काढावे की राहू द्यावे?

आवाळू लहान आहे, दुखत नाही, वाढत नाही आणि डॉक्टरांनी तपासून ते आवाळूच आहे असे सांगितले आहे. तर ते काढलेच पाहिजे अशी सक्ती नाही. पण आपल्या कष्टकरी घरांत एक वेगळी अडचण असते. आपल्या डोक्याला काम असते.

डहाणू-तलासरीत गवताचा भारा, लाकडाची मोळी, पाण्याचे हंडे, विटा, सिमेंटची पाटी हे सारे डोक्यावरून जाते. चुंबळ नेमकी आवाळवावर बसते. रोजच्या दाबाने, घासण्याने कातडी सोलते, पिशवी आतल्या आत फुटते आणि मग सूज, लाली, ठणका सुरू होतो. जंतुसंसर्ग झाला तर पू धरतो. मोटारसायकलचे हेल्मेट बसत नाही. कंगव्याचा दात लागतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याने गाठ कापली जाते आणि रक्त थांबता थांबत नाही. मुंडण करणाराला आधी सांगितले नाही तर शिबिरातही हाच प्रकार होतो.

म्हणून ज्यांच्या आवाळवावर रोज भार येतो, ज्यांचे वाढत चालले आहे किंवा एकदा सुजून गेले आहे, त्यांनी ते शांत असतानाच काढून घ्यावे. सुजलेल्या, पू धरलेल्या गाठीची पिशवी नीट सुटत नाही. तेव्हा डॉक्टर आधी पू काढून किंवा औषध देऊन ती शांत करतात आणि काही आठवड्यांनी पिशवी काढतात. एका फेरीचे काम मग दोन-तीन फेऱ्यांवर जाते आणि तितके रोज बुडतात.

वेळही पाहून निवडावी. आवणीच्या दिवसांत चिखलात, पावसात उभे राहायचे असते, तेव्हा जखम कोरडी राहत नाही. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तेथे दवाखाना दूर पडतो. भातकापणी आटोपल्यावर आणि भट्टीवर जाण्यापूर्वी पंधरा दिवस हाती असतील तर ते उत्तम.

या गोष्टी करू नका

१. आवाळू पिळू नका. थोडा ऐवज बाहेर आला तरी पिशवी आतच राहते आणि पुन्हा भरते.

२. सुई, काटा, ब्लेड लावू नका. घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने आवळून बांधू नका.

३. बिब्बा, चुना, तापलेली सळई लावू नका. कातडी जळते, जखम चिघळते, केस कायमचे जातात आणि पिशवी जागच्या जागी राहते.

४. 'बोटाने गाठ काढून दाखवतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. बोटाने शस्त्रक्रिया करतो असा दावा करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे.

५. मेडिकल दुकानातून आपल्याच मनाने गोळ्या आणून खाऊ नका. शांत असलेले आवाळू कोणत्याही गोळीने, मलमाने विरघळत नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

'ऑपरेशन' हा शब्द ऐकला की आपल्या माणसांना पोट फाडल्याचे चित्र दिसते. हे काम तसे नाही. बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो.

आधी डॉक्टर गाठ तपासतात. रक्तदाब, साखर आणि रक्ताच्या साध्या तपासण्या होतात. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी दात काढताना इंजेक्शनाने त्रास झाला असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर ते आपण होऊन सांगावे. आदल्या दिवशी डोके स्वच्छ धुवावे, तेल लावू नये. पूर्ण डोके भादरण्याची गरज नसते. गाठीपुरते केस बाजूला करतात किंवा थोडे कापतात. आपल्या भगिनी याच भीतीने जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

मग गाठीभोवती बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. ते टोचताना चरचरते, खरे दुखणे काय ते एवढेच. नंतर दाब कळतो, ओढल्यासारखे वाटते, पण दुखत नाही. दुखलेच तर गप्प बसू नये, सांगावे. आणखी औषध देतात. सर्जन कातडीला लहानशी चीर देतात आणि पिशवी भोवतीने सोडवतात. आपल्याकडे ताडगोळा सालीतून कसा अख्खा निसटून येतो ते सर्वांना ठाऊक आहे. डोक्यावरचे आवाळू तसेच येते, कारण त्याची पिशवी जाड असते. पिशवी अख्खी निघाली तर त्या जागी पुन्हा आवाळू होण्याची भीती फार थोडी. मग दोन-चार टाके आणि पट्टी.

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे तेथून रक्त जास्त येते, पण जखमही लवकर भरते. घरी आल्यावर पट्टी रक्ताने भिजली तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. डोके केव्हा धुवायचे ते डॉक्टरांना विचारावे. टाके बहुधा सात ते दहा दिवसांनी काढतात. तोवर डोक्यावर भार नाही, हंडा नाही, मोळी नाही. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी हे दहा दिवस पाणी भरावे. बाईने ऑपरेशन करून घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी तिनेच हंडा उचलायचा, असे होता कामा नये. टाके उसवले तर दोष डॉक्टरचा नसतो.

ताप आला, ठणका वाढत गेला, पू किंवा दुर्गंधी आली तर दहा दिवस थांबू नये, लगेच दाखवावे.

काढलेली गाठ तपासणीसाठी पाठवणार का, हे जरूर विचारावे. बाटलीतून ती प्रयोगशाळेत जाते आणि ती काय होती याचा लेखी अहवाल येतो. तो अहवाल फाईलला लावून जपून ठेवा. पुढे मुलांना आवाळू झाले तर तो कामाला येईल.

कोठे जावे, खर्च किती?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. डहाणू रोडपर्यंत एप्रिल २०१३ पासून लोकलही आली. त्यामुळे दुखणे आले की मुंबईची गाडी धरायची आपली सवय आणखी पक्की झाली आहे. या लहान कामासाठी तेवढ्या लांब जाण्याची बहुधा गरज नाही. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. सर्जन कोणत्या वारी असतात आणि लहान शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी होतात, एवढे आधी विचारून जावे, म्हणजे खेप वाया जात नाही. तलासरीकडील पुष्कळ लोक सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयातही जातात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. मुंबईच्या महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे आहेत. खाजगीत जायचे असेल तर आधी एकूण खर्च विचारावा आणि पावती घ्यावी.

तारापूरच्या कारखान्यांत किंवा अन्यत्र काम करणाऱ्या ज्या बंधू-भगिनींच्या पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते, त्यांना उपचार तर मिळतातच. शिवाय वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. हा आपला हक्क आहे. दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

डोक्यावरची प्रत्येक गाठ आवाळूच असते असे नाही. पुढीलपैकी काही दिसले तर विलंब न लावता सर्जनला दाखवावे. गाठ थोड्या महिन्यांत भराभर वाढली. ती हाडाला चिकटल्यासारखी घट्ट बसली, सरकत नाही. वरची कातडी फुटून न भरणारी जखम झाली, सारखे रक्त येते. गाठीत नाडीसारखे ठोके लागतात. मानेत दुसऱ्या गाठी आल्या. आवाळवाचा कॅन्सर होणे अतिशय क्वचित, पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे.

तान्ह्या किंवा लहान मुलाच्या डोक्यावर, विशेषतः मध्यरेषेवर, नाकाच्या मुळाशी किंवा मागच्या बाजूला गाठ असेल तर तिला कोणीही घाईने चीर देऊ नये. अशा काही गाठींचे मूळ कवटीच्या आत गेलेले असते. आधी स्कॅन करून मगच निर्णय घेतात. तसेच लहान वयात अंगावर, चेहऱ्यावर पुष्कळ गाठी येणे, जबड्याच्या हाडावर टेंगळे येणे आणि घराण्यात आतड्याचा कॅन्सर असणे या गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना तिन्ही सांगाव्यात. तो एक वेगळा आनुवंशिक आजार असू शकतो आणि वेळीच कळला तर जीव वाचतो.

नेहमीच्या शंका

एक काढले आणि वर्षाने दुसरे आले. ऑपरेशन फसले का? नाही. ते दुसऱ्या ठिकाणी नव्याने आले आहे. वारसा अंगात असतो, तो शस्त्रक्रियेने जात नाही. गाठ मात्र जाते.

पाच आहेत, पाचही एकदम काढतात का? जागा आणि आकार पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यावर भार येतो किंवा जे दुखते ते आधी काढावे.

काढल्याने मेंदूला धक्का बसतो का? नाही. आवाळू कातडीत असते. त्याच्या खाली कवटीचे जाड हाड असते आणि मेंदू त्याच्या आत.

तेल कमी लावले, शाम्पू बदलला तर टळते का? नाही. वारशाने येणारे आवाळू टाळण्याचा उपाय अजून निघालेला नाही.

शेवटी एकच विनंती. या आठवड्यात घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसावे. आजी-आजोबा, आई-वडील, काका-आत्या यांपैकी कोणाकोणाला आवाळू होते किंवा आहे, ते वहीच्या एका पानावर लिहावे. बारावीला शास्त्र शिकणाऱ्या मुलीला ते पान द्यावे. ती पाच मिनिटांत घराण्याचा तक्ता मांडून दाखवील. महिला मंडळांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आणि ज्या बाईने आजवर पदराआड गाठ झाकली, तिच्यासोबत कोणीतरी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जावे. एकटीने जायला ती कचरते, सोबत मिळाली की निघते. कार्यकर्त्यांनी दाखले आणि शिफारशींबरोबर एवढी सोबतही करावी. आम्ही करतो आहोत, तुम्हीही करा.

जय भीम.